स्टिकला हात नाही, तरी माणूस चालतोय: हँडहेल्डवर रिमेक खेळताना येणारा ड्रिफ्ट कसा शोधायचा

दिवसा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी वाइंडिंग करतो आणि संध्याकाळी घरी हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचे, कन्सोल उघडून बसतो. सुरुवात पुतण्याच्या कन्सोलनं झाली, मग त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: "काका, स्टिकला हात पण लावला नाही, तरी माणूस चालतोय." स्टिक म्हणजे खेळाडू चालवायचा अंगठ्याखालचा छोटा दांडा, आणि या आपोआप चालण्याला ड्रिफ्ट म्हणतात.

त्यातले बरेच जण कुठला तरी रिमेक खेळत असतात, म्हणून खापर रिमेकवर फुटतं. जुना गेम चांगला होता, नव्यात बग आहे, असं ठरवूनच ते येतात. बग क्वचित निघतो. दोष बहुधा स्टिकचा असतो, फक्त तो रिमेकमध्ये आधी उघडा पडतो. तो शोधताना मी ज्या क्रमानं जातो तोच क्रम इथं लिहितोय. फुकटचं आधी, पैशाचं नंतर, स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे बोट काढलं तरी खेळाडू एकाच बाजूला हळूहळू सरकत राहतो. गेम बंद करून मुख्य मेनूत आलात तर तिथंही निवड आपोआप एका चौकोनावरून दुसऱ्यावर घसरते. ॲडव्हान्स वॉर्ससारख्या डावपेचाच्या गेममध्ये कर्सर रणगाड्यावर थांबत नाही, शेजारच्या घरात जाऊन बसतो. काँट्राच्या पठडीतल्या गेममध्ये नाक समोर ठेवून गोळी मारायला जावं तर ती तिरकी सुटते. कॅमेरा आपोआप आभाळाकडे किंवा पायाकडे वळत असेल तर गुन्हेगार उजवी स्टिक.

दुसरा प्रकार उलटा. स्टिक पार टोकापर्यंत ढकलली तरी खेळाडू पळत नाही, नुसता चालतो, आणि तेही एखाद्याच दिशेला. याला लोक ड्रिफ्ट म्हणत नाहीत, पण रोग तोच.

तिसऱ्या प्रकारात स्टिक सोडल्यावर दोनतीन पावलं जास्त पडतात आणि मग खेळाडू थांबतो. इथं मात्र घाई करू नका, कारण याची दोन वेगळी कारणं असू शकतात आणि त्यातलं एक फुकटात जातं.

यात न बसणारी एक तक्रारही ऐकून ठेवा. 'द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग'चा २०१९ चा रिमेक निन्टेन्डोच्या पहिल्या स्विच कन्सोलवर खेळताना नव्या भागात शिरलं की चित्र क्षणभर जड होतं, अडखळतं. तो गेमच तिथं सेकंदाला साठ फ्रेमवरून तीसवर येतो. स्टिक बदलून, साफ करून, देवाला नारळ फोडून ते जाणार नाही, आणि त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

रिमेकमध्येच का दिसतं

लिंक्स अवेकनिंग मुळात १९९३ साली गेम बॉयवर आला. गेम बॉयला स्टिक नव्हती, अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण होतं. त्या बटणाखाली रबराची गादी आणि तिला कार्बनची टिकली. बटण दाबलं की टिकली सर्किटच्या दोन पट्ट्यांवर टेकते, सोडलं की उचलली जाते. म्हणजे उत्तर फक्त हो किंवा नाही. अर्धवट डावीकडे असा प्रकारच नाही, त्यामुळे ड्रिफ्ट होण्याचा प्रश्न नाही. रबर खराब झालं तर बटण लागणार नाही, पण आपोआप चालणार नाही.

२०१९ च्या रिमेकमध्ये नायक लिंकला चालवायचं काम डाव्या स्टिककडे गेलं. दिशेच्या बटणांनी तो चालत नाही. म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी हो-नाहीवर चालणारा गेम आता स्टिकच्या बारीकसारीक आकड्यांवर अवलंबून आहे. हीच गोष्ट थोड्याफार फरकानं बाकीच्या रिमेकची. 'ओकारिना ऑफ टाइम' १९९८ साली टीव्हीसमोर बसून, हातात मोठं कंट्रोलर घेऊन खेळायचा गेम होता. २०११ मध्ये तो निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हँडहेल्डवर आला तेव्हा सगळी हालचाल एका चपट्या, सरकणाऱ्या चकतीवर आली.

स्टिकच्या आत काय असतं ते आपल्या पिढीला एका वाक्यात कळेल. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. वर्षं गेली की ते फिरवताना खरखर यायची, आवाज मध्येच वाढायचा, मध्येच गायब व्हायचा. बटणाखाली कार्बनची पट्टी असायची, तिच्यावरून धातूचा बारीक हात घासत जायचा. घासून घासून पट्टी झिजायची आणि झिजलेली भुकटी तिथंच साठायची. स्टिकमध्ये अशा दोन पट्ट्या असतात, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या. खेळाडू कुठं जातोय हे यंत्राला या पट्ट्यांवरचा विद्युतदाब सांगतो. पट्टी झिजली किंवा मध्ये कचरा आला की स्टिक मधोमध उभी असूनही आकडा मधला येत नाही.

गेम बनवणारे यासाठी मधोमध थोडी मोकळी जागा सोडतात. तेवढ्या हालचालीकडे गेम लक्षच देत नाही. तिला डेडझोन म्हणतात. प्रत्येक गेमचा डेडझोन वेगळा. म्हणून एकच स्टिक एका गेममध्ये शहाण्यासारखी वागते आणि दुसऱ्यात भरकटते, आणि माणूस शपथेवर सांगतो की दोष गेमचाच आहे.

फुकटातल्या तपासण्या

पहिली: गेम बंद करा, मुख्य मेनूत या, कन्सोल टेबलावर ठेवा आणि हात बाजूला घ्या. एक मिनिट बघत राहा. निवड आपोआप सरकली तर गेमचा संबंध संपला. सरकली नाही तर दुसरा एखादा गेम लावून पाहा. एकाच गेममध्ये दोष दिसत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्टिकची संवेदनशीलता किंवा डेडझोन बदलता येतो का ते बघा, आणि गेमचा ताजा अपडेट टाका. हे एक मिनिट वाचवायला गेलेल्या माणसानं चांगली स्टिक बदलून घेतल्याचं मी पाहिलंय.

दुसरी: स्टिकवरची रबरी टोपी काढा. सिलिकॉनचं कव्हर असेल तर तेही काढा. स्वस्तातल्या कव्हरची कड स्टिकच्या दांड्याला एका बाजूनं टेकते आणि तिला केसभर ढकलून ठेवते. हात लावून जाणवत नाही, पण आकड्यात दिसतं. कव्हर काढलं आणि रोग गेला असं बऱ्याचदा झालंय. तेव्हा मी एक रुपयाही घेत नाही, कारण मी काही केलेलंच नसतं.

तिसरी स्विचसारख्या, कंट्रोलर सुटे होणाऱ्या कन्सोलसाठी. सोडल्यावर दोनतीन पावलं जास्त पडतात म्हणालो ना, ते इथं उलगडतं. जॉय-कॉन म्हणजे स्विचचे हे कंट्रोलर, सुटे असताना ते कन्सोलशी ब्लूटूथवर बोलतात. मध्ये अडथळा आला की 'डावीकडे चाल' हा निरोप पोचतो, पण 'थांब' हा उशिरा पोचतो, आणि खेळाडू चालत राहतो. दिसायला हुबेहूब ड्रिफ्ट. जॉय-कॉन कन्सोलच्या बाजूच्या पट्टीत सरकवून लावा आणि तोच गेम खेळा. दोष नाहीसा झाला तर स्टिक निर्दोष आहे. अशा वेळी कन्सोलचा डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटातून किंवा माशांच्या टाकीजवळून काढा आणि समोर मोकळ्यावर ठेवा. पाणी आणि धातू दोन्ही हा सिग्नल अडवतात.

चौथी: अपडेट. स्विचच्या सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स' या भागात कंट्रोलर अपडेट करायचा पर्याय असतो. कन्सोलचं सॉफ्टवेअर वेगळं आणि कंट्रोलरच्या आतलं वेगळं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. यानं झिजलेली पट्टी भरून येत नाही, पण पुढची तपासणी ताज्या सॉफ्टवेअरवर होते.

कॅलिब्रेशन: करण्याआधी नीट बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक ती डोळे मिटून उरकतात.

त्याच 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स'मध्ये 'कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स' असतं. ते उघडून जी स्टिक तपासायची ती आत दाबा. पडद्यावर वर्तुळ येईल आणि स्टिक जिथं आहे तिथं खूण दिसेल. आता काही दाबू नका, कॅलिब्रेशन सुरू करू नका. फक्त स्टिक सोडून बघा.

खूण मधोमध नाही, पण जिथं आहे तिथं ठाम उभी आहे? मग बातमी चांगली. स्टिकचा मध्य थोडा ढळलाय एवढंच. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला नवा मध्य आणि नव्या कडा शिकवणं. ठाम ढळलेली स्टिक त्यानं बऱ्याचदा महिनोन् महिने नीट चालते.

खूण थरथरतेय, उड्या मारतेय, मध्येच परत येतेय? ही रेडिओची खरखर. पट्टीवर कचरा आहे किंवा पट्टी झिजलीय. कॅलिब्रेशन करून घ्या, पण दोनचार दिवसांत दोष परत येणार हे धरून चाला. रोज बदलणारा मध्य कोणी शिकून घेऊ शकत नाही.

खूण प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबते? चार दिशांना एकेकदा ढकलून सोडा. डावीकडून सोडली की डावीकडे अडकते आणि वरून सोडली की वर, असं असेल तर स्टिक परत मधोमध येतच नाहीये. आतलं स्प्रिंग थकलंय किंवा काहीतरी चिकट सांडलंय.

शेवटी स्टिक टोकापर्यंत नेऊन गोल फिरवा. खूण सगळीकडे कडेला पोचली पाहिजे. एखाद्या बाजूला पोचत नसेल तर 'पळत नाही, चालतोच' या तक्रारीचं उत्तर मिळालं.

हे सगळं पाहून झालं की कॅलिब्रेशन करा. पडद्यावर सांगेल तसंच, सावकाश. टोकापर्यंत नेताना जोर लावू नका. नेहमी खेळताना जेवढी ढकलता तेवढीच ढकला. जोर लावून कडा शिकवल्या तर पुढे दर वेळी तेवढाच जोर लावावा लागेल, आणि पट्टी आणखी लवकर झिजेल.

थ्रीडीएसवर चकतीचं कॅलिब्रेशन सिस्टीम सेटिंग्जच्या 'अदर सेटिंग्ज'मध्ये आहे. स्टीम डेक हा हँडहेल्ड वापरणारे थोडे सुखी, कारण त्यांना डेडझोन सेटिंगमधूनच वाढवता येतो. किंचित ढळलेल्या स्टिकला तेवढं पुरतं. पण डेडझोन फार वाढवला की हळू चालणं जमत नाही, स्टिक एकदम पळायलाच लावते. दोषाला पांघरूण घालताना थोडी मजाही त्याच पांघरुणाखाली जाते, एवढं लक्षात ठेवा.

साफसफाई

कोल्हापुरात राहून धूळ म्हटलं की मला गुलाल आठवतो. एका वर्षी चैत्र यात्रेनंतरच्या आठवड्यात एक मुलगा कन्सोल घेऊन आला. जोतिबाच्या डोंगरावर गेला होता, पिशवीत कन्सोल होता, आणि वर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. स्टिकची कड चिमट्यानं उचलली तर खाली गुलाबी थर. गुलाल इतका बारीक असतो की जिथं हवा जाते तिथं तो जातो. गणपतीच्या मिरवणुकीनंतर हेच. दुसरा शत्रू तेलकट बोटं. भडंग खात खात खेळणाऱ्यांच्या स्टिकखाली तेल आणि मसाल्याचा लगदा होतो आणि कोरड्या धुळीपेक्षा तो वाईट, कारण तो धूळ धरून ठेवतो. तिसरा शत्रू आमच्या भागातला, लोखंडाचा भुसा. लेथशेजारी, ग्राइंडरशेजारी कन्सोल ठेवू नका. कन्सोलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, ते भुसा ओढून घेतं.

साफ करायची पद्धत अशी. कन्सोल पूर्ण बंद करा, नुसता झोपवू नका. कंट्रोलर सुटा होत असेल तर काढा. स्टिक एका बाजूला कलवा. दांड्याभोवती पातळ झालर दिसेल, ती प्लॅस्टिकच्या चिमट्यानं किंवा लाकडी काडीनं अलगद उचला. कॅमेरावाले वापरतात ती रबरी फुंकणी घेऊन चारी बाजूंनी हवा मारा. तोंडानं फुंकू नका, त्यात ओल असते. आणि वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरचा मोह टाळा. उद्यमनगरात तो हाताशी असतो म्हणून मुद्दाम सांगतोय: त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, आणि दाब इतका की कचरा बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत बसतो.

नुसत्या हवेनं भागलं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो नव्व्याण्णव टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे 'आयपीए' म्हटलं की कळतं. झालरीखाली एकच थेंब, मग स्टिक सगळ्या दिशांना वीसतीस वेळा फिरवा, पुन्हा एक थेंब, आणि मग निदान अर्धा तास तसाच ठेवा. पावसाळ्यात मी रात्रभर ठेवतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाच ओल असते, तेव्हा सुकायला वेळ लागतो. इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर स्प्रे मिळाला तर तोही चालतो, पण डब्यावर प्लॅस्टिकला चालतो असं लिहिलेलं पाहून घ्या.

चालत नाहीत त्या गोष्टी: हाताचं सॅनिटायझर, अत्तर, नेलपॉलिश काढायचं पाणी, पेट्रोल, आणि गंजलेले बोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकटपणा आणणारे पदार्थ असतात. नेलपॉलिशचं पाणी प्लॅस्टिक विरघळवतं. तेलकट स्प्रेनं दोन दिवस एकदम सुरेख वाटतं आणि मग त्या तेलावर धूळ बसून स्टिक कायमची जाते. या शेवटच्या प्रकारानं मेलेल्या स्टिक मी सगळ्यात जास्त बदलल्या आहेत.

सफाईनंतर कॅलिब्रेशन पुन्हा करा. आधीचं कॅलिब्रेशन कचऱ्यासकटच्या मध्याचं होतं, आता मध्य बदललाय. लोक हे विसरतात आणि "साफ केल्यावर उलट्या बाजूला जातोय" म्हणून परत येतात.

सफाई किती दिवस टिकेल? कचरा बाहेरचा असेल तर बरेच दिवस. पट्टीच झिजली असेल तर आठवडा, पंधरवडा. दुसऱ्यांदा तोच दोष लवकर आला की तिसऱ्यांदा अल्कोहोल घालू नका. आतलं थोडंफार वंगण धुऊन जातं आणि स्टिक खरखरीत होते.

दाबून बघायची युक्ती

उघडण्याआधी एक गोष्ट करा. कॅलिब्रेशनचा पडदा उघडा ठेवा आणि जॉय-कॉनच्या अंगावर, स्टिकच्या बरोबर शेजारी आणि मागे, अंगठा-बोटाच्या चिमटीत हळूच दाबा. थरथरणारी खूण दाबल्यावर शांत झाली तर पट्टी अजून शिल्लक आहे, फक्त धातूचा हात तिच्यावर नीट टेकत नाहीये. अशा वेळी काही जण जॉय-कॉन उघडून स्टिकच्या धातूच्या पाठीवर मिलिमीटरभर जाडीचा पुठ्ठा ठेवतात आणि बंद करतात. मीही केलंय. चालतं. पण जॉय-कॉन उघडलाच आहे तर नवी स्टिकच टाका, असं माझं मत. पुठ्ठा तेव्हा, जेव्हा सुटा भाग यायला वेळ आहे आणि पोराची सुट्टी संपत आलीय.

स्टिक बदलणं

इथून पुढे पैसे आणि जोखीम दोन्ही आहेत. स्विचच्या जॉय-कॉनची स्टिक बदलणं मन लावून काम करणाऱ्याला जमण्यासारखं आहे. सोल्डरिंग लागत नाही, स्टिक रिबनच्या केबलनं जोडलेली असते. डाव्या आणि उजव्या जॉय-कॉनला एकच स्टिक चालते, आणि कंट्रोलर अंगातच असलेल्या स्विच लाइटलाही. दुसऱ्या स्विचचं, म्हणजे जून २०२५ मध्ये आलेल्याचं, गणित वेगळं आहे. त्याला हे भाग लागत नाहीत.

भाग मागवताना दोन प्रकार दिसतील. एक साधा, कार्बनच्या पट्टीचा. दुसरा हॉल इफेक्टचा. हॉल हे एका शास्त्रज्ञाचं आडनाव, शोध १८७९ चा. यात घासणारं काही नसतं. दांड्याला चुंबक असतं आणि सेन्सर ते चुंबक किती हललं ते लांबूनच ओळखतो. घासत नाही म्हणून झिजतही नाही. किंमत साध्या स्टिकपेक्षा जास्त, पण पुन्हा उघडायचं नसेल तर मी हाच घ्यायला सांगतो.

हत्यारं: इंग्रजी वाय अक्षरासारख्या तोंडाचा वाय-शून्य-शून्य स्क्रूड्रायव्हर, बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि चिमटा. वायच्या स्क्रूला दुसरं तोंड घासून बसवायचा प्रयत्न करू नका. स्क्रूचं तोंड गेलं की सोपं काम अवघड होतं.

जॉय-कॉनच्या पाठीला चार वाय स्क्रू. ते काढले की दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडा, ओढू नका, मध्ये रिबन आहेत. आत बॅटरी दिसेल, आधी ती सोडवा. बाकी काहीही करण्याआधी बॅटरीचा कनेक्टर वर उचलून काढायचा. बॅटरी जोडलेली असताना चिमटा चुकीच्या जागी टेकला तर बोर्ड जातो, आणि बोर्ड गेला की स्टिकचा विषयच संपला. मग बॅटरीखालचा ट्रे, आणि त्याखाली स्टिक. तिला दोन स्क्रू आणि एक रिबन. रिबनच्या कनेक्टरला बारीक झडप असते. ती वर उचलायची, मग रिबन आपोआप सैल होते. झडप न उचलता ओढली तर रिबन फाटते. डाव्या जॉय-कॉनमध्ये आणखी एकदोन रिबन आड येतात, त्यांना वाकवताना घडी पडू देऊ नका.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. मी कागदावर जॉय-कॉनचं चित्र काढतो आणि स्क्रू ज्या जागेचा त्याच जागी चित्रावर चिकटवतो. स्क्रूंची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो.

नवी स्टिक बसवली की घाईनं बंद करू नका. बॅटरी जोडा, अर्धवट उघडं असतानाच कॅलिब्रेशनच्या पडद्यावर तपासा, मगच स्क्रू लावा. हॉल स्टिकला कॅलिब्रेशन लागतंच, ते केल्याशिवाय ती वाकडी वाटणारच.

इथं थांबा

बॅटरी फुगली असेल तर काहीही करू नका. कंट्रोलरची शिवण उघडलेली दिसते, किंवा कन्सोलचा पडदा एका कोपऱ्यातून वर आलेला असतो. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टोकदार वस्तू जवळ नेऊ नका. लिथियमची बॅटरी फुटली तर आग लागते. बंद करून, उशीगादीपासून लांब ठेवून, बॅटरी बदलणाऱ्या माणसाकडे न्या.

पाणी गेलं असेल तर थांबा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यात राहिलेली यंत्रं लोकांनी तांदळात पुरून ठेवली आणि आठवड्यानं चालू करून पाहिली. तांदूळ आतलं पाणी काढत नाही आणि पुराच्या पाण्यातली माती तर मुळीच नाही. चालू केल्यावर जे शॉर्ट होतं ते नंतर परत येत नाही. बंदच ठेवा आणि बोर्ड धुणाऱ्या, मायक्रोस्कोप असलेल्या माणसाकडे द्या.

स्विच लाइट घरी उघडू नका, निदान पहिलंच यंत्र म्हणून नको. स्टिक तीच असली तरी ती कन्सोलच्या पोटात आहे. पाठ काढायची, धातूचं आवरण काढायचं, उष्णता वाहणारी पेस्ट परत नीट लावायची, आणि चूक झाली तर कंट्रोलर नाही, अख्खा कन्सोल जातो.

कनेक्टरची झडप तुटली, बोर्डावरून कनेक्टरच उखडला, किंवा नवी स्टिक घालूनही खूण तशीच उडतेय, असं झालं तर ते बोर्डाचं काम. तिथं हॉट एअर आणि सरावलेला हात लागतो. तो माझ्याकडे नाही. अशी यंत्रं मी मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवतो. देण्याआधी त्याला विचारा की या प्रकारचा कन्सोल आधी उघडलाय का, आणि जुना भाग परत मागा.

आणि वॉरंटी. आपल्याकडचे बरेच कन्सोल परदेशातून कोणी ना कोणी आणलेले असतात. ज्यानं आणला त्याला आधी फोन करा. ड्रिफ्टबद्दल निन्टेन्डोचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी २०२० साली माफी मागितली होती, आणि काही देशांत कंपनी हे काम फुकट करून देते. आतेभाऊ अमेरिकेत असेल आणि दिवाळीला यायचा असेल तर जॉय-कॉन त्याच्याबरोबर जाऊ देणं हे माझ्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा स्वस्त. पण तुम्ही एकदा उघडलात की तो रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून हे स्क्रूला हात लावायच्या आधी विचारून घ्या.

तपासायला आणताना गेम आत असू द्या, आणि कुठल्या जागी खेळाडू भरकटतो तिथंच सेव्ह करून आणा. मेनूत शांत असलेली स्टिक नेमक्या त्याच पुलावर घसरते आणि तो पूल शोधण्यात माझा तासभर जातो.